दारू मोजली, धातू विसरला

मे २०२५ मधल्या ऑपरेशन सिंदूरनंतर आमच्या सांगली-साताऱ्याकडे व्याख्यानमाला असो, कॉलेजातला परिसंवाद असो की उद्योजकांचा मेळावा, वाद एकच रंगतो: ड्रोन आले, रणगाडा संपला. एका बाजूचे लोक सांगतात की फौंड्री, लेथ, धातू हे सगळं मागच्या पिढीचं झालं. पोरांना कोडिंग शिकवा, एमआयडीसीत ड्रोन जोडा, संरक्षण खात्याच्या ऑर्डरी आपोआप येतील. दुसऱ्या बाजूचे लोक स्फोटकांचे आकडे फेकतात, अमुक किलोचा बॉम्ब नि तमुक टनाचा, आणि त्यावरून देशाची ताकद मोजतात. दोन्हीकडची माणसं तळमळीने बोलतात, पण दोन्हीकडचा हिशेब चुकतो. चिलखत फोडणाऱ्या अस्त्रात शेवटचं काम ड्रोन करत नाही आणि नुसती स्फोटक दारूही करत नाही. ते करतो धातूचा एक पातळ शंकू. म्हणून माझं म्हणणं असं आहे की या दोन जिल्ह्यांना संरक्षण उत्पादनात पाय रोवायचा असेल, तर जोडणीच्या शेड उभारण्याआधी त्यांनी धातू तपासणाऱ्या प्रयोगशाळेवर आणि धातू समजणाऱ्या माणसांवर पैसा घालायला हवा.

युक्रेनच्या युद्धातल्या चित्रफिती आता सगळ्यांनी पाहिल्या आहेत. हातात मावेल एवढा ड्रोन येतो, रणगाड्याच्या छपरावर आदळतो आणि कोट्यवधींचं यंत्र जागेवर थांबतं. पण त्या ड्रोनच्या पोटाला काय बांधलेलं असतं? पुष्कळदा आरपीजी-७ या खांद्यावरून डागायच्या रणगाडाभेदी अस्त्राचं टोक. हे अस्त्र सोव्हिएत सैन्यात दाखल झालं १९६१ साली. म्हणजे वाहन नवं आहे, चालवण्याची पद्धत नवी आहे, आणि चिलखतात भोक पाडणारी वस्तू मात्र साठ वर्षांहून जुनी आहे. अशा प्रसंगाला ‘धातूच्या युगाचा अंत’ म्हणायचं तरी कसं?

ती वस्तू म्हणजे शेप्ड चार्ज. स्फोटकाच्या पुढच्या तोंडाला पोकळी ठेवायची आणि त्या पोकळीला धातूचं अस्तर द्यायचं, इतकी साधी तिची मूळ कल्पना. त्या अस्तराला लायनर म्हणतात. स्फोट झाला की अस्तर चहूबाजूंनी आत चेपलं जातं, मध्यरेषेवर स्वतःवरच आदळतं, आणि त्यातला थोडा भाग बारीक, लांब धारेच्या रूपात पुढे सुटतो. तांब्याच्या धारेचं टोक सेकंदाला ८-९ किलोमीटर वेगाने जातं. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, त्यावरून अंदाज करा. व्यासपीठावरून नेहमी ऐकू येणारा गैरसमज असा की तांबं वितळतं आणि चिलखताला जाळत आत शिरतं. हे खरं नाही. तांबं वितळायला १०८५ अंश सेल्सिअस लागतात. प्रयोगांत मोजलेलं धारेचं तापमान त्याच्या निम्म्याच्या आसपास निघालं. धार घन धातूचीच असते. फक्त आदळण्याच्या जागी दाब इतका प्रचंड असतो की पोलादाची ताकद त्यापुढे नगण्य ठरते, आणि दोन्ही धातू द्रवासारखे वाहतात. १९४८ साली बर्कहॉफ, मॅकडुगल, प्यू आणि टेलर या चौघांनी याचं गणित मांडलं, आणि ते मांडलं द्रवांच्या गतिशास्त्राच्या आधारे.

ही धार टोकाशी वेगवान आणि शेपटाकडे मंद असते. त्यामुळे ती उडता उडता ताणली जाते, लांब होते. जोवर ती अखंड राहते तोवर खोल शिरते. तुकडे पडले, ते इकडेतिकडे भरकटले, की जोर संपला. म्हणजे सगळा खेळ धातूच्या दोन गुणांवर येतो: तो किती जड आहे आणि न तुटता किती ताणला जातो. तांबं काही सगळ्यात जड नाही. त्याची घनता पाण्याच्या ८.९६ पट, टँटलमची १६.६ पट, टंगस्टनची १९.३ पट. तरी जगभर तांब्याचा शंकूच सर्वाधिक वापरला गेला, कारण तांबं ताणलं जातं, घडवता येतं आणि परवडतं. टंगस्टन जड आहे, पण ठिसूळपणा त्याच्या पाचवीला पुजलेला. शिवाय ‘तांबं’ म्हटलं म्हणून सगळं तांबं सारखं नसतं. त्यात अशुद्धी किती, आतले स्फटिक बारीक की मोठे, ते लाटलं कसं, तापवून नरम केलं की नाही, शंकूची भिंत सगळीकडे एकसारखी आली की एका अंगाला झुकली, यावर धार सरळ जाणार की फाटणार हे ठरतं. हंडा ठोकणाऱ्या तांबटाला यातला निम्मा धडा आपसूक येतो: ठोकून ठोकून तांबं कडक होतं, ते पुन्हा भट्टीत घालून मऊ केलं नाही तर चिरतं. उरलेला निम्मा धडा सूक्ष्मदर्शकाखाली असतो, आणि तो शिकवावा लागतो.

इतिहास पाहिला तर दारूला मान आणि धातूला दुय्यम स्थान देण्याची चूक जुनीच आहे. १८८८ साली अमेरिकन नौदलाच्या न्यूपोर्ट इथल्या केंद्रात चार्ल्स मन्रो यांना दिसलं की स्फोटकाच्या वडीवर खोलगट कोरलेली अक्षरं स्फोटानंतर पोलादी पत्र्यावर जशीच्या तशी उमटतात. त्याआधी पाच वर्षं जर्मनीत मॅक्स फॉन फोर्स्टर यांनीही पोकळीचा हा परिणाम नोंदवला होता. म्हणजे पोकळीचं रहस्य एकोणिसाव्या शतकातच हाती आलं होतं. मग पुढची पन्नास वर्षं त्यातून चिलखतभेदी अस्त्र का निघालं नाही? स्फोटकं तर त्या काळात सुधारतच होती. अडलं होतं अस्तरापाशी. १९३० च्या दशकाच्या शेवटी ऑस्ट्रियातले थोमानेक आणि स्वित्झर्लंडमधले मोहाउप्ट यांच्या कामातून धातूच्या अस्तराची खरी ताकद लक्षात आली, आणि काही वर्षांतच एकटा पायदळ सैनिक खांद्यावरून रणगाडा फोडू लागला. १९६५ च्या सप्टेंबरात पंजाबातल्या असल उत्तरच्या उसाच्या शेतांत अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या १०६ मिलिमीटरच्या रिकॉइललेस, म्हणजे मागे धक्का न देणाऱ्या, तोफेने पाकिस्तानचे पॅटन रणगाडे निकामी केले. एवढ्या हलक्या तोफेला रणगाड्यासमोर उभं राहता आलं, कारण शेप्ड चार्जच्या गोळ्याचा भेद तोफेने दिलेल्या वेगावर अवलंबून नसतो. भेदायला लागणारा वेग स्फोटाने चेपल्या जाणाऱ्या अस्तरातूनच निर्माण होतो. हमीद यांच्या शौर्याला याने उणेपणा येत नाही. उलट, तसं धैर्य असलेल्या माणसाच्या हातात नीट बनलेली वस्तू पडली तर काय होतं, हे तिथे दिसलं.

आणि साताऱ्याच्या माणसाला तर याचा दाखला देण्यासाठी परदेशी जावं लागत नाही. १६९९ च्या डिसेंबरात औरंगजेबाने अजिंक्यताऱ्याला वेढा घातला. प्रयागजी प्रभू किल्ला लढवत होते. मोगलांकडे दारूची काय कमतरता? १७०० च्या एप्रिलमध्ये त्यांनी तटाखाली सुरुंग भरले. पहिल्या स्फोटात किल्ल्यातली माणसं गाडली गेली. खुद्द प्रयागजी ढिगाऱ्याखालून जिवंत निघाले. दुसऱ्या सुरुंगाने मात्र तट आत न कोसळता बाहेर कोसळला, आणि हल्ल्यासाठी खाली जमलेले मोगल सैनिकच त्याखाली चिरडले गेले. मेलेल्यांचा आकडा दोन हजारांच्या घरात सांगतात. दारू तीच, खणणारे हात तेच. बदलला तो दगड, त्याची ठेवण, आणि स्फोटाला मिळालेली वाट. ही गोष्ट आपण शौर्यकथा म्हणून सांगत आलो, आणि ती शौर्यकथा आहेच. पण ज्या गावात स्फोटाची दिशा तटाने ठरवली, त्या गावाने तरी किलोचे आकडे ऐकून टाळ्या वाजवू नयेत.

आता समोरच्यांचं म्हणणं. ड्रोनवाल्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा खर्चाचा आहे आणि तो मला पूर्ण मान्य आहे. स्वस्त यंत्राने महागडं यंत्र अडवता येत असेल तर युद्धाचं अर्थकारणच बदलतं. दुसरा मुद्दा रोजगाराचा. इस्लामपूर, पलूस किंवा कोरेगावचा मुलगा चार वर्षं संगणक शिकतो आणि पुण्यात नोकरीला लागतो. धातुशास्त्र शिकलेल्याला तेवढ्या सहज दार उघडत नाही. घरच्यांनी त्याला संगणकाकडे ढकललं तर त्यांना दोष कसा द्यायचा? पण ‘धातू संपला’ हा निष्कर्ष यातून कसा निघतो? ड्रोन उडतो मोटरवर, मोटर फिरते चुंबकावर, आणि ते चुंबक दुर्मीळ मृदा धातूंचं असतं. एप्रिल २०२५ मध्ये चीनने अशा काही धातूंच्या आणि चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली आणि आपल्याकडच्या वाहन कारखान्यांची धांदल उडाली. त्याच वर्षी फेब्रुवारीत टंगस्टनवरही तशीच अट आली होती. आयात केलेले सुटे भाग एमआयडीसीच्या शेडमध्ये स्क्रूने जोडायचे आणि त्यावर तिरंगा चिकटवायचा, याला कोणी आत्मनिर्भरता म्हणत असेल तर ती परक्या देशाने एक परिपत्रक काढेपर्यंतच टिकते.

तांब्याची गोष्टही वेगळी नाही. शुद्ध तांब्याच्या बाबतीत आपला देश निर्यातदार होता. मे २०१८ मध्ये तमिळनाडूतला थुथुकुडीचा तांबं शुद्ध करणारा मोठा कारखाना बंद झाला, आणि त्या आर्थिक वर्षापासून आपण निव्वळ आयातदार झालो. तिथल्या लोकांच्या प्रदूषणाबद्दलच्या तक्रारी खऱ्या होत्या, तेरा माणसं पोलिसांच्या गोळीबारात गेली. त्या वेदनेला बाजूला सारून मी तांब्याचं गणित मांडणार नाही. पण म्हणूनच तर धातुशास्त्राचं ज्ञान हवं. कमी प्रदूषणात तांबं शुद्ध कसं करायचं, भंगारातून परत कसं मिळवायचं, हे प्रश्न घोषणांनी सुटणार आहेत का?

दुसरा आक्षेप उद्योजकांचा. ते म्हणतात, हे सगळं गुप्त आहे, परवाने लागतात, तपासणी कडक असते, ऑर्डर आली तर एकदम येते नाहीतर तीन-तीन वर्षं येत नाही; कुपवाडच्या फौंड्रीवाल्याने कशाला या भानगडीत पडायचं? आक्षेपातला पहिला भाग बरोबरच आहे, आणि गुप्तता व परवाने कडकच असले पाहिजेत. कुपवाडमध्ये चिलखतभेदी शंकू बनावेत अशी माझी मागणी नाही. ते काम ज्यांचं आहे त्यांनी, बंदोबस्तातच करावं. आपल्या शेजारी पुण्यातच त्यासाठी संस्था आहेत: खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून उभा आहे, पाषाणला शस्त्रास्त्र संशोधनाची आस्थापना आहे, सुतारवाडीला स्फोटक पदार्थांची प्रयोगशाळा आहे. पण या संस्थांना आणि त्यांच्याभोवतीच्या कंपन्यांना लागणारे शेकडो साधे भाग, कास्टिंग, घडीव तुकडे, नळ्या, कवचं, साचे हे कुठून यायचे? तिथे आपली फौंड्री अडते ती यंत्राने नव्हे. व्हीएमसी आहे, सीएनसी आहे, म्हणजे संगणकावर चालणारी कापायची यंत्रं आहेत, कामगाराचा हात बसलेला आहे. अडते ती कागदाशी. हीट नंबरप्रमाणे, म्हणजे भट्टीच्या प्रत्येक घाण्यामागे, स्पेक्ट्रोचा म्हणजे धातूतल्या घटकांच्या प्रमाणाचा रिपोर्ट मिळतो, रासायनिक प्रमाण बरोबर येतं, आणि तरी भाग चाचणीत चिरतो. का चिरला, हे सांगायला सूक्ष्मरचना, म्हणजे धातूच्या आतल्या स्फटिकांची ठेवण, वाचणारा माणूस लागतो. तो नसला की कारखानदार पुढच्या वेळी मटेरियल बदलून बघतो, मग तापमान बदलून बघतो, आणि शेवटी ऑर्डर दुसऱ्या राज्यात जाते.

बाजार नाही म्हणून ज्ञान कशाला, हा युक्तिवाद आपल्या जिल्ह्यात तर करूच नये. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल अशी शेतकऱ्यांची समजूत होती. बाजार तयार नव्हता; तो त्यांनी उभा केला. १९१० साली औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसली आणि नांगरामागून पंप आले. साताऱ्यात धनजीशा कूपर यांनी नांगर आणि इंजिनांचा कारखाना चालवला. मागणी आली आणि मग धातूकाम शिकले, असा क्रम या दोघांचाही नव्हता.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो, आणि तो उद्योजकांकडून नव्हे तर शिक्षकांकडून येतो. माणसं मारणाऱ्या वस्तूचं शास्त्र आपण कौतुकाने का सांगायचं? ज्या भागाने नाना पाटलांचं प्रतिसरकार पाहिलं, सत्यशोधकांची चळवळ पाहिली, तिथल्या मुलांना शंकू आणि धारेची भौतिकी शिकवून काय साधायचं? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. चिलखताच्या आत माणूसच असतो. धार आत शिरते तेव्हा त्या माणसाचं काय होतं, हे चित्रफितीला लाइक देणाऱ्यांनी एकदा तरी मनाशी आणावं. विजयाच्या उन्मादात धातूचं शास्त्र सांगणं मलाही नको आहे.

तरीही मी शिकवण्याच्या बाजूने आहे. पहिलं कारण असं की धार कशी बनते हे ज्याला कळतं त्यालाच ती मोडायची कशी हे कळतं. थरांचं चिलखत, स्फोटक विटांचं चिलखत, अर्जुन रणगाड्यावर वापरलेलं हैदराबादच्या धातू प्रयोगशाळेचं कांचन चिलखत, या सगळ्यांच्या मुळाशी तेच शास्त्र आहे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाने पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावले आणि आजही तिथे घरटी सैनिक आहे. त्या घरातला मुलगा ज्या गाडीत बसतो तिची भिंत काय सोसेल, हा प्रश्न अहिंसेच्या विरोधातला कसा ठरेल? दुसरं कारण असं की हेच तंत्र जमिनीखाली रोज चालतं. तेलविहीर खणून पोलादी नळी बसवली की तेलाच्या थरापर्यंत वाट उघडण्यासाठी विहिरीत शेप्ड चार्ज उतरवतात आणि नळी, सिमेंट, खडक यांना भोकं पाडतात. दुसऱ्या महायुद्धानंतर लगेचच ही पद्धत तेल उद्योगात आली. आणि इथे अस्तराची निवड पुन्हा बदलते. रणगाड्यासाठी अखंड तांब्याचा शंकू चालतो, पण विहिरीत त्याचा मागे राहणारा गोळा भोकातच अडकला तर तेल येणार कुठून? म्हणून तिथे धातूची भुकटी दाबून केलेलं अस्तर वापरतात, जे काम झाल्यावर भुगा होऊन जातं. एकच तत्त्व, दोन वेगळे हेतू, आणि हेतूप्रमाणे धातूचं रूप वेगळं. शस्त्राचा धडा आणि उपजीविकेचा धडा वेगळा काढता येत नाही, हे यातून जितकं स्पष्ट होतं तितकं दुसऱ्या कशातून होत नाही.

ज्ञान हातात असूनही ते शास्त्रात न उतरवण्याची किंमत आपण एकदा मोजली आहे. दक्षिण भारतातलं वुट्झ पोलाद जगभर नावाजलेलं होतं. १८१९ च्या सुमाराला लंडनमध्ये तरुण मायकेल फॅरेडे त्याचे नमुने घेऊन बसला आणि स्टोडार्टबरोबर मिश्र पोलादावर प्रयोग करू लागला. आपल्या भट्टीवाल्याला ते पोलाद करता येत होतं. ते तसं का होतं, हे विचारण्यासाठी त्याच्याजवळ ना शाळा होती, ना प्रयोगशाळा, ना राजाश्रय. पुढे परदेशी पोलाद आलं आणि त्या भट्ट्या विझल्या. भट्टीवाल्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. त्याच्याभोवतीच्या शिकलेल्या समाजाला धातूकाम हे आपलं बौद्धिक काम वाटलं नाही, हा दोष होता, आणि तो आजही गेलेला नाही. पदवीधर मुलगा फौंड्रीत उभा राहिला तर घरात सुतक पाळल्यासारखे चेहरे होतात.

मग करायचं काय? सांगलीचं वालचंद कॉलेज १९४७ पासून आणि कराडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासून अभियंते घडवत आहे. या दोन ठिकाणांच्या आजूबाजूच्या पट्ट्यात सातारा, कराड, पलूस, इस्लामपूर, मिरज, कुपवाड असे औद्योगिक भाग आहेत. इथे एक सामायिक धातू परीक्षण केंद्र असावं, जिथे छोटा कारखानदार आपला नमुना घेऊन जाईल आणि त्याला परवडेल अशा दरात रिपोर्टच नव्हे तर सल्लाही मिळेल. सूक्ष्मदर्शक, तन्यता आणि कडकपणा मोजायची यंत्रं, क्ष-किरण तपासणी, उष्णता प्रक्रियेची एक चांगली भट्टी, इतकं सुरुवातीला पुरे. पण यंत्रं घेऊन फीत कापली की काम झालं असं समजू नये. तिथे पूर्ण पगाराचे धातुशास्त्रज्ञ हवेत, आणि अभियांत्रिकीच्या यांत्रिकी शाखेतल्या प्रत्येक मुलाने एक सत्र तिथे हात काळे केलेले असावेत. जिल्हा नियोजन समितीचा पैसा स्वागतकमानींवर जातो, तो यावर जाऊ शकतो. उद्योजक संघटना मेळाव्यांवर खर्च करतात, त्यातला वाटा त्यांनी द्यावा. आणि संरक्षण खात्याकडे जाताना आपल्या शिष्टमंडळाने ‘आम्हाला ड्रोन जोडायचं काम द्या’ असं म्हणण्याऐवजी आपल्या कास्टिंगच्या सूक्ष्मरचनेची छायाचित्रं आणि गेल्या पाच वर्षांतल्या रिजेक्शनची कारणमीमांसा टेबलावर ठेवावी. तपासणीचा अधिकारी कुठलाही असो, तो पहिल्यांदा तेच कागद मागतो.